गचाळ विनोद, गबाळे पोलीस: हे सिनेमे आपण का बघतो?

बोरूबहाद्दर
‘पोलीस अकॅडमी’ (१९८४) हा चांगला सिनेमा नाही, हे आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद वाचतील. विनोद आचरट, त्यातले निम्मे कमरेखालचे आणि कथा पोस्टकार्डावर मावेल एवढी. शहराच्या नव्या महापौरबाई पोलीस भरतीतल्या उंची, वजन, शिक्षण वगैरे सगळ्या अटी काढून टाकतात आणि जो दारात उभा राहील तो भरती होतो. जाडे, घाबरट, बंदूकवेडे, कुजबुजत बोलणारी एक बाई, तोंडाने वाट्टेल तो आवाज काढणारा एक पोरगा. वरून हुकूम असा की कुणाला हाकलायचं नाही, पण स्वतःहून पळून जातील इतकं रगडायचं. संपली गोष्ट.

तरी याचे सात भाग निघाले. ८४ ते ८९ दर वर्षी एक आणि मग १९९४ मध्ये सातवा, थेट मॉस्कोत! पहिला भाग साधारण पंचेचाळीस लाख डॉलरांत झाला आणि उत्तर अमेरिकेतच आठ कोटींच्या वर कमावून गेला. समीक्षकांनी झोडपलं, लोकांनी डोक्यावर घेतलं.

तर प्रश्न असा. वेंधळा डॉक्टर, वेंधळा मास्तर यांच्यावरही सिनेमे आहेत, पण वेंधळ्या पोलिसाइतकं हसू मला तरी येत नाही. का? माझं मत असं की आपण त्या माणसाला हसतच नाही, अंगावरच्या वर्दीला हसतो. आयुष्यभर जिला घाबरलो तिची फजिती बघायला मिळते. तुमची मतं सांगा. ‘अभिरुची’ हा शब्द वापरणाऱ्याला धाग्याला चहा पाजावा लागेल.

सोलकढी
अभिरुची. बोला, कुणाकुणाला बिनसाखरेचा?

पेंगुळलेला
जागा धरून ठेवतो. सविस्तर रात्री.

तिरसिंगराव
धागा उत्तम, पण सुरुवात १९८४ पासून करणं म्हणजे रामायण उत्तरकांडापासून वाचणं. मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओने १९१२ पासून हेच तर केलं. एका गाडीत मावणार नाहीत इतके पोलीस, सगळे एकमेकांवर आपटताहेत, गाडी वळली की चार खाली. आवाज नव्हता म्हणून शिव्या नव्हत्या, नाहीतर त्याही असत्या. आणि ते बघणारा प्रेक्षक कोण? पाच सेंटचं तिकीट काढणारा कामगार, नुकताच बोटीतून उतरलेला परदेशी. रस्त्यावर दंडुका त्याच्याच पाठीत बसायचा. त्याला तो दंडुकेवाला डबक्यात पडलेला बघायला मिळाला तर तो पुन्हा पाच सेंट देणारच.

चॅप्लिनने १९१७ मध्ये ‘ईझी स्ट्रीट’मध्ये याच्या पुढची पायरी गाठली. उपाशी भटक्या स्वतःच पोलीस होतो आणि त्याला सगळ्यात वाईट गल्ली मिळते. म्हणजे ‘नालायक माणूस भरती झाला’ ही तुमची गोष्ट तेव्हाच सांगून झाली होती. त्यात कमरेखालचं काही नव्हतं, एवढाच फरक. त्यामुळे बोरूबहाद्दर, तुमच्या वर्दीच्या मुद्द्याला माझं अनुमोदन, पण मग गचाळपणाची गरज काय, याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

झंपूभाऊ नागपूरकर
तिरसिंगराव, उत्तर सोपं आहे ना भाऊ. पोस्टर बघून पोट्टे तिकीट काढत होते, चॅप्लिन बघायला थोडीच जात होते!

खवचट_मावशी
धागाकर्ते म्हणतात, आपण वर्दीला हसतो. बरं. मग पहिल्या भागात ज्या ज्या ठिकाणी बायकांच्या अंगावर काहीच नाही, तिथे नेमकं कशाला हसता?

गंमत सोडा, मी हा सिनेमा पूर्ण पाहिलाय, तोही दोनदा. कॉलेजात असताना हसले होते, आता परत पाहिला तेव्हा अर्धा वेळ हात रिमोटवर होता. तो ब्लू ऑयस्टर बार घ्या. दोन चमचे कॅडेट चुकून समलिंगी पुरुषांच्या बारमध्ये जातात आणि त्यांना तिथे नाचावं लागतं, एवढाच विनोद. पुढच्या भागांतही तोच. त्यात वर्दीची फजिती कुठे आहे? बारमधली माणसंच शिक्षा म्हणून वापरली आहेत. ज्याला समाज आधीच हसतो त्यालाच हसायचं, याला धाडस म्हणत नाहीत.

पण त्याच सिनेमात एक प्रसंग असा आहे की मी सगळं माफ करायला तयार होते. हूक्स, ती हळू बोलणारी काळी मुलगी, गाडी शिकताना एका खडूस कॅडेटच्या पायावर चाक घालते. तो तिला वर्णावरून शिवी देतो. हायटॉवर, तो सातफुटी फूलविक्या, काही न बोलता जातो आणि तो बसलेला असताना गाडीच उलटी करतो. नोकरी जाते त्याची. त्या मिनिटात एकही विनोद नाही आणि थिएटरात सगळ्यात मोठी शिट्टी तिथेच पडली असणार.

सोलकढी
मावशी +१. हायटॉवर म्हणजे बब्बा स्मिथ. तो खरोखरचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडू होता, बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळायचा. त्यामुळे गाडी त्याला जड गेली नसावी.

नाकाबंदी
मंडळी, खात्यातून निवृत्त झालेला माणूस म्हणून दोन शब्द. अजून कुणी विचारलं नाही म्हणून स्वतःच बोलतो.

ट्रेनिंगचा भाग या सिनेमात जितका खोटा वाटतो तितका नाही. आपल्याकडे उंचीची अट आहे, पुरुष शिपायाला १६५ सेंटिमीटर, छातीची आहे, धावण्याची आहे. पण अक्कल मोजायची पट्टी अजून कुणी काढलेली नाही. प्रत्येक बॅचला एक तरी गडी असतो जो डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे नेतो. तुम्ही हसाल, पण ते मुद्दाम करायचं म्हटलं तर जमत नाही, करून बघा. आमच्या प्लाटूनमध्ये असा एक होता. उस्ताद त्याला ‘दहिने मूड’ म्हणाले की अख्खी प्लाटून उजवीकडे आणि हा एकटा आमच्याकडे तोंड करून. त्याच्यामुळे सगळ्यांना रगडा. मैदानाला फेऱ्या, रायफल डोक्यावर धरून. रात्री बराकीत आम्ही त्याला काय काय बोलायचो ते इथे लिहिता येणार नाही, संपादक मंडळ धागा उडवेल.

पुढे तोच गडी ठाण्याला गेला आणि स्टेशन डायरी अशी लिहायचा की कोर्टात वकिलाला बोट ठेवायला जागा मिळू नये. साहेब बदलून गेले तरी त्याला कुणी हलू द्यायचं नाही. सांगायचा मुद्दा, परेडमध्ये भंगार असलेला माणूस ठाण्यात सोनं निघू शकतो, हे त्या सिनेमाने बरोबर पकडलंय. शेवटच्या दंगलीत कामाला काय येतं बघा. कुणाचं बळ, कुणाचा तोंडाने काढलेला गोळीबाराचा आवाज, त्या हूक्सबाईचं एकदाच ओरडणं. परेडमध्ये शिकवलेलं एकही नाही.

चुकीचं काय दाखवलंय? कमांडंट. असा गोड म्हातारा मी कुठेच पाहिला नाही.

पेंगुळलेला
काका, दंडवत! रायफल डोक्यावर धरून किती फेऱ्या?

नाकाबंदी
उस्तादांचा चहा संपेपर्यंत.

मिशिगनचा_मामा
काकांचा प्रतिसाद वाचून कॉफी कीबोर्डवर सांडली.

माझं दैवत ‘सुपर ट्रूपर्स’. इथे कुणी पाहिलाय का? व्हरमाँटमधले महामार्ग पोलीस, बॉर्डरजवळचा रिकामा रस्ता, दिवसभर काम म्हणून काही नाही. मग करणार काय? गाडी थांबवायची आणि ड्रायव्हरशी बोलताना मधूनमधून मांजरीसारखं ‘म्यांव’ म्हणायचं, समोरच्याला संशय येऊ न देता. किती वेळा जमतं यावर पैज. मेपल सिरपच्या बाटल्या तोंडाला लावून शर्यत. सनडॅन्स चित्रपट महोत्सवात २००१ मध्ये दाखवला, २००२ मध्ये थिएटरात लागला. दिग्दर्शक जय चंद्रशेखर, शिकागोकडचा तमिळ घरातला मुलगा, स्वतः त्यातला थॉर्नी झालाय. त्याच्या तोंडी डोकं हलवत बोलण्याचा एकही विनोद नाही. तो तिथे फक्त एक कंटाळलेला हवालदार आहे. २००१ मध्ये अमेरिकन पडद्यावर भारतीय चेहऱ्याला ही चैन परवडत नव्हती, म्हणून माझ्यासारख्या लोकांना तो जवळचा वाटतो.

दुसऱ्या भागाला स्टुडिओ पैसे देईना तर यांनी २०१५ मध्ये लोकांकडे वर्गणी मागितली. वीस लाख डॉलर मागितले, चाळीस लाखांच्या वर जमले. २०१८ मध्ये सिनेमा आला. (अवांतर: आला तो पहिल्याइतका चांगला नव्हता. वर्गणीदार म्हणून बोलण्याचा मला हक्क आहे.)

बोरूबहाद्दर, तुमच्या सिद्धांताला माझा विरोध इथे आहे. या पोरांची वर्दी काढा आणि त्यांना कुठल्याही ऑफिसात बसवा, सिनेमा तोच राहील. रिकामटेकडेपणा, एक नकोसा सहकारी (फार्व्हा! प्रत्येक ऑफिसात एक असतो), बजेट कापल्यामुळे ठाणं बंद पडायची टांगती तलवार आणि शेजारच्या गावच्या पोलिसांशी भांडण. हा नोकरीवरचा सिनेमा आहे.

बोरूबहाद्दर
मामा, वर्दी काढली तर ‘म्यांव’ म्हणणाऱ्याला समोरचा ड्रायव्हर शिवी घालून निघून जाईल ना! तो घाम पुसत ऐकून घेतो कारण समोर बंदूक आहे. विनोद तिथेच आहे.

मिशिगनचा_मामा
मान्य नाही, पण विचार करतो.

आमसूल
फ्रान्समधून हजेरी. इथे या विषयावर विनोदी नट लुई द फ्युनेसचं नाव न घेता बोललात तर जेवायला मिळत नाही. ‘सँ-ट्रोपेचा जाँदार्म’ (१९६४), जाँदार्म म्हणजे इथला पोलीस. समुद्रकिनाऱ्यावर बिनकपड्यांनी अंघोळ करणाऱ्यांना पकडायच्या मोहिमा आखणारा सार्जंट. १९८२ पर्यंत याचे सहा भाग आले. त्या गावच्या जुन्या पोलीस चौकीत २०१६ पासून चक्क संग्रहालय आहे, लोक रांगेत उभे राहून त्या दारासमोर फोटो काढतात. मीही काढलाय, बायकोला सांगितलं नाहीये.

पण इथे एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन सिनेमात गबाळे लोक खाली आहेत, वर ‘पोलीस अकॅडमी’तल्या हॅरिससारखा कडक इस्त्रीचा साहेब. द फ्युनेस स्वतःच साहेब आहे. वरच्यासमोर पाठीचा कणा वितळतो, खालच्यासमोर तोच कणा सळईसारखा. दोन अधिकारी एकाच खोलीत आले की त्याला एका श्वासात हुजरेगिरी आणि दमदाटी करावी लागते, आणि तो चेहरा! असा माणूस मी पोलिसांत कमी आणि बँकेत जास्त पाहिलाय. त्यामुळे मामांचा मुद्दा पन्नास टक्के पटतो.

सासवडकर_बापू
आरं काय चाललंय! फ्रान्स झालं, अमेरिका झाली, चॅप्लिन झाला आन् मराठी संस्थळावर दादांचं नाव कुणी घेतलं न्हाई आजून? ‘पांडू हवालदार’, १९७५. तुमची अकॅडमी यायच्या नऊ वर्सं आधी. ढगळी हाफ पँट घातलेला पांडू आन् त्याच्यासंगं लाच खाणारा सखाराम हवालदार, म्हंजी आपला अशोक सराफ. अशोकमामांचं नाव खऱ्या अर्थानं तिथनं झालं. जत्रंत पडद्यावर लावला की मागं बसणाऱ्या बायाबी पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन अर्थांपैकी कोणता कळला ते इचारायचं नसतं.

तिरसिंगराव
बापू, उशीर झाला पण न्याय झाला. आणि खरं तर याचं मूळ सिनेमातही नाही. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य घ्या. दादा कोंडके त्यातले हवालदार. रोजच्या प्रयोगात आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं काहीतरी ओढून आणायचे, मंत्र्यासंत्र्यांना घेऊन. तमाशाच्या वगात राजा मूर्ख, प्रधान लबाड, आणि शिपाई सगळ्यात खालचा म्हणून त्याला सगळ्यात जास्त बोलायची मुभा. विदूषकाला वर्दी चढवली की हवालदार होतो. तेव्हा मी वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मलाच सुचतंय: गचाळपणा ही त्या मुभेची किंमत आहे. जो शिष्टाचार पाळत नाही त्यालाच राजाला चिमटा काढता येतो. सभ्य भाषेत चिमटा काढला की त्याचा अग्रलेख होतो.

खवचट_मावशी
तिरसिंगराव, वाक्य टाळीचं आहे. पण मुभा राजाला चिमटा काढण्यासाठी होती ना? मग ती दर वेळी बाईच्या अंगावरच का खर्च होते? दादांचे सिनेमे मीही पाहिलेत, हसलेही. पण उषा चव्हाण समोर होती म्हणून ते टिकले. तीही तितकीच ठसक्यात उत्तर द्यायची. ‘पोलीस अकॅडमी’त बायकांना उत्तरच लिहून दिलेलं नाही. हा फरक मला भाषेचा नाही, लेखकाचा वाटतो.

सासवडकर_बापू
मावशी, ह्याला म्हंत्यात पॉइंटाचं बोलणं.

झंपूभाऊ नागपूरकर
२०२१ चा ‘पांडू’ कोणी पाहिला का? भाऊ कदम, कुशल बद्रिके. मी पाहिला. भाऊ कदम नुसता उभा राहिला तरी हसू येते, बाकी पिच्चरबद्दल मी मौन बाळगून राहिलो.

सोलकढी
मौन हेच परीक्षण. वाचनखूण साठवली.

कलमदानी
रंगाचा बेरंग करतो, हलके घ्या किंवा घेऊ नका.

‘पोलीस अकॅडमी’च्या शेवटची दंगल कशी सुरू होते आठवतंय? फॅक्लर नावाचा वेंधळा कॅडेट गस्तीच्या गाडीतून सफरचंद बाहेर फेकतो, ते एकाच्या डोक्याला लागतं, तो दुसऱ्यावर घेतो, आणि अर्धं शहर पेटतं. मग त्याच कॅडेटांची तुकडी दंगल शमवते आणि पदकं घेते. सफरचंदाची चौकशी कुणी करत नाही. सिनेमात हे हसण्यासारखं आहे. बाहेर? पोलिसाच्या वेंधळेपणाची किंमत पोलीस भरत नाही, सफरचंद ज्याला लागलं तो भरतो. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला, त्यानंतर पोलिसांवरच्या ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’सारख्या सोज्वळ विनोदी मालिकेलासुद्धा तयार असलेली पटकथा फेकून द्यावी लागली होती. आणखी एकच मोसम काढून २०२१ मध्ये ती संपवली. गोड पोलीस दाखवणं अचानक अवघड झालं.

आपल्याकडेही हवालदार हा विनोदाचा विषय तोवरच असतो जोवर आपण तक्रार नोंदवायला बाकावर बसलेलो नसतो.

नाकाबंदी
कलमदानी, बाकाचं बोललात ते खरं आहे. त्या बाकाच्या पलीकडे बसलोय म्हणून सांगतो, पलीकडचा माणूसही पुष्कळदा घाबरलेला असतो. वरून फोन येईल का, कलम बरोबर लागलं का, बंदोबस्ताला रात्र जाणार का. ते तो दाखवत नाही, आवाज चढवतो. म्हणून मला हॅरिसचं पात्र सगळ्यात खरं वाटतं. शिस्त शिस्त करणारा माणूस आतून किती टरकलेला असतो हे मी जवळून पाहिलंय. तक्रारदाराला यातून काही दिलासा नाही, हेही मान्य.

आणि आमच्या लोकांनाच हे सिनेमे सगळ्यात जास्त आवडायचे. बंदोबस्ताच्या ठिकाणी शाळेच्या खोलीत मुक्काम, कुणीतरी व्हिडिओ आणायचा, भाषा कुणाला कळायची नाही. पण साहेबाची फजिती झाली की मागून टाळ्या. साहेब बसलेले असले तर टाळ्या नाहीत, नुसती खोकल्याची साथ.

पेंगुळलेला
‘खोकल्याची साथ’ 😂 मेलो!

माझं थोडक्यात मत. आम्ही हे केबलवर पाहिलं, तेही तिसऱ्या भागापासून. पहिला भाग अमेरिकेत लहानांना मनाईचा होता, दुसऱ्यापासून सौम्य करत नेला आणि तिसऱ्यापासून तर घरचे सगळे बसून बघतील असा केला. त्यामुळे मावशी ज्याबद्दल बोलताहेत त्यातलं बरंचसं आम्ही पाहिलंच नव्हतं. आमच्यासाठी पोलीस अकॅडमी म्हणजे मायकल विन्स्लो. तोंडाने कुंग-फू सिनेमाचं बिघडलेलं डबिंग करतो, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे! शाळेत सगळ्या पोरांनी ते करून बघितलं, थुंकी उडण्यापलीकडे काही झालं नाही. आणि रॉबर्ट फोकचा तो मार्च. आजही कुठे पोलीस बँड ऐकला की डोक्यात तोच वाजतो.

आमसूल
विन्स्लो सातही भागांत आहे. टॅकलबेरी झालेला डेव्हिड ग्राफ आणि कमांडंट झालेला जॉर्ज गेन्स हेसुद्धा. नायक गुटेनबर्ग मात्र चौथ्यानंतर सटकला. त्याच्याशिवायही तीन भाग निघाले, म्हणजे लोक नायकासाठी येतच नव्हते, टोळीसाठी येत होते. बोरूबहाद्दर, या मुद्द्याकडे बघा जरा.

बोरूबहाद्दर
बघितलं. धागा इतका पळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देत नाही, पण एक सांगतो.

कलमदानींचं सफरचंद आणि काकांचं बाक यांनी माझ्या मुद्द्याला चांगलाच धक्का दिला. तरी तो सोडत नाही. या सिनेमांत खलनायक कोण असतो बघा: चोर, दरोडेखोर जवळजवळ नसतातच, असले तरी शेवटच्या वीस मिनिटांत पोत्यातून काढल्यासारखे येतात. दीड तास खरं भांडण चालतं ते इस्त्रीवाल्या साहेबाशी. म्हणजे पोलिसांच्या सिनेमात पोलिसांच्याच विरुद्ध बाजूला आपण बसतो, आणि तरी शेवटी पोलीसच जिंकतात, त्यामुळे सेन्सॉर, सरकार आणि पोलीस सगळेच खूश. आमसूल म्हणतात ती टोळी म्हणजे आपणच असतो, शाळेत ज्यांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं ते. मावशींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या टोळीत बायकांना जागा होती, विनोदात नव्हती. ते लेखकाचंच पाप.

खवचट_मावशी
नोंद घेतली. तरी त्या टोळीत कॅलाहान होती हे विसरू नका. लेस्ली ईस्टरब्रुक. मुलं तिच्याकडे बघायची, पण चटईवर तिने प्रत्येकाला उचलून आपटलंय. तिला धरून एक अख्खा भाग काढायला हवा होता, मॉस्कोला जाण्यापेक्षा.

तिरसिंगराव
मॉस्कोला नावं ठेवू नका. ख्रिस्तोफर ली आहे त्यात! १९९३ मध्ये संसदेवर रणगाडे चालून गेले तेव्हा यांचं चित्रीकरण तिथेच चालू होतं.

झंपूभाऊ नागपूरकर
म्हणजे खरे रणगाडे बाहेर आणि हे आत तोंडाने आवाज काढून राहिले? हा पिच्चर आता बघावाच लागते.

सोलकढी
नको झंपूभाऊ. मी पाहिलाय. रणगाडे बाहेरच राहिलेत.